जपाची सुरुवात: आधी जीभ, मग कान, मन नंतर

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. वय ३६, पुण्यात नोकरी. तीन महिन्यांपूर्वी आई गेली आणि तिची तुळशीची जपमाळ यांच्याकडे आली. गेले दोन आठवडे रोज पहाटे डोळे मिटून, मनातल्या मनात त्या आई म्हणायची तोच ‘श्रीराम जय राम जय जय राम’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मन ऑफिसात जातं, नाहीतर आईच्या हॉस्पिटलच्या खोलीत. कधी डुलकीच लागते. गुरूंकडून अनुग्रह, म्हणजे मंत्रदीक्षा, घेतलेला नाही. त्या विचारतात: मी चुकीचं करते आहे का? गुरूशिवाय चालतं का? किती वेळ बसायचं? आणि आईची माळ मी वापरू का?

ताई, तुमची एकच गोष्ट चुकते आहे. तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली आहे.

जपाचे तीन प्रकार आपल्याकडे फार पूर्वीपासून मानले आहेत. वाचिक जप बाजूच्या माणसाला ऐकू येतो. उपांशु जपात ओठ हलतात, पण ऐकू येतं ते फक्त आपल्याला. मानस जपात जीभ आणि ओठ दोन्ही स्वस्थ असतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात यांची चढती भाजणी दिली आहे: विधिपूर्वक केलेल्या यज्ञापेक्षा जप दसपट, उपांशु शंभरपट, मानस हजारपट. हा श्लोक कुठेतरी कानावर पडतो आणि नवा माणूस ठरवून टाकतो, मग हजारपटीचंच करू या. मीही १९९६ च्या चातुर्मासात जपाला लागले तेव्हा हेच केलं होतं. पण मानस जपाचं सगळं काम मनावर असतं, आणि तुमचं मन आत्ता दुःखात आहे. ते तुमचं ऐकत नाही आणि त्यानं ऐकावं अशी त्याच्याकडून आत्ता अपेक्षाही ठेवू नका. जीभ मात्र ऐकते. तिला ‘राम’ म्हण म्हटलं की ती म्हणते. जी गोष्ट ताब्यात आहे तिथून सुरुवात करा.

म्हणून उद्यापासून मोठ्यानं म्हणा. मोठ्यानं म्हणजे ओरडून नाही. जेवताना शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढा आवाज पुरे. फ्लॅटमध्ये भिंती पातळ असतील, घरात कुणी झोपलं असेल, तर स्वयंपाकघराचं दार लावून ओट्यापाशी बसा. आणि म्हणताना एवढंच काम करा: आपण काय म्हणतोय ते आपल्याच कानांनी ऐका. तेरा अक्षरं आहेत, त्यात ‘राम’ तीनदा येतो. शेवटच्या ‘राम’मधला ‘म’ ओठ मिटून पूर्ण होऊ द्या. ओठ मिटल्यावर तो ‘म’ नाकापाशी, टाळूपाशी क्षणभर घुमतो. तो ऐकू आला की पुढचा मंत्र सुरू करायचा. या एका ‘म’वर मी लोकांना पहिले पंधरा दिवस ठेवते. अर्थ, रूप, तेज, भ्रूमध्य यांपैकी काहीही तेव्हा मनात आणू नका. भुवयांच्या मध्ये जोर लावून बघत राहिल्यानं डोकं दुखायला लागलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत.

श्वासाचं काय, हाही प्रश्न पुढे येईलच. श्वासाला मंत्र मुद्दाम बांधू नका. मोठ्यानं म्हणताना तो आपोआप बांधला जातो. सावकाश म्हटलं तर हा मंत्र साडेतीन-चार सेकंदांत होतो, एका उच्छ्वासात सहज दोनदा बसतो, मग आपण श्वास घेतो. म्हणजे एका श्वासाला साधारण दहा सेकंद, मिनिटाला सहा श्वास. एरवी बसल्याजागी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती माळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि हृदयाची लय त्या श्वासाबरोबर चालू लागली. माणसं थोडी होती, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करायला मी जाणार नाही. पण आपल्या आज्या ओसरीवर बसून जो संथ सूर लावायच्या, त्यात शरीराला विसावा होता, हे पटायला एवढं पुरे आहे. मनातल्या मनात केलेल्या जपात हा श्वासाचा आधार मिळत नाही. तिथे मंत्राचा वेग मन ठरवतं, आणि अस्वस्थ मन धावतंच.

आता मन पळण्याबद्दल. माळ हातात असताना नेमकं काय होतं ते नीट पाहिलं तर तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. कधी बोटं मणी ओढत राहतात आणि जीभ थांबलेली असते. कधी जीभ चालू असते, पण कान ऐकत नसतात. कधी जीभही चालते, कानावर आवाजही पडतो, आणि तरी मागे कुठेतरी सकाळच्या मीटिंगची उजळणी चाललेली असते. नवे साधक तिन्हींना एकच नाव देतात, ‘मन लागत नाही’, आणि निराश होतात. पहिल्या प्रकारात जप खरोखर थांबलेला असतो, तेव्हा जीभ पुन्हा चालू करायची. दुसऱ्यात पुढचा मंत्र थोडा मोठ्यानं म्हणायचा आणि शेवटचा ‘म’ ऐकायचा. तिसऱ्यात काहीच करायचं नाही. मागची कुजबुज चालू दे, मंत्र चालू दे. ती कुजबुज बंद करायच्या नादात माणूस मंत्र सोडतो आणि कुजबुजीशीच भांडत बसतो.

भान आलं की माळ पहिल्यापासून सुरू करायची का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही. चाळिसाव्या मण्यावर जाग आली तर एक्केचाळिसावा मणी ओढा. आज किती वेळा पळालं ते मोजू नका, स्वतःला रागावू नका. गीतेच्या सहाव्या अध्यायात हेच आहे: हे चंचल मन जिथून जिथून बाहेर पडेल तिथून तिथून त्याला आवरून परत आणावं. ‘जिथून जिथून’ हे दोनदा म्हटलंय, म्हणजे ते पुन्हा पुन्हा पळणार हे सांगणाऱ्याला ठाऊक होतं. त्याच अध्यायावर बोलताना ज्ञानेश्वर मनाचा एक चांगला गुण सांगतात: ज्या ठिकाणची गोडी त्याला लागते तिथे ते सोकावतं, परत परत जातं. माझा सगळा भरवसा या एका गुणावर आहे. गोडी मारून-मुटकून लागत नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी, थोडं थोडं केलं की लागते.

आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा जण जपाला बसतात. त्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. डोळे मिटले की त्यांना पहिले कित्येक महिने बसमधली गर्दीच दिसायची, कुणाचं तिकीट राहिलंय याची रुखरुख लागायची. त्यांना मी डोळे उघडे ठेवायला सांगितले. समोर समई, तिच्या बुडाशी नजर, आणि तोंडानं जप. अजूनही ते तसेच बसतात. डोळे मिटलेच पाहिजेत असा काही नियम नाही. तुम्हाला डुलकी लागते त्यावरही पहिला उपाय हाच. डोळे उघडा, आवाज वाढवा, तरीही पेंग आली तर उभं राहून किंवा खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालत माळ पूर्ण करा. पण त्याआधी स्वतःला विचारा की रात्री झोप किती झाली. तीन महिन्यांपूर्वी आई गेलेल्या बाईला पहाटे पाच वाजता झोप येत असेल, तर शरीर झोप मागतंय, त्यात साधनेचा दोष नाही. सहा महिने पहाटेचा हट्ट सोडा. संध्याकाळी घरी आल्यावर, हातपाय धुऊन, चहाच्या आधी बसा. ब्राह्ममुहूर्त चांगला खरा, पण जागेपणीची संध्याकाळ त्याहून चांगली.

आणि ती हॉस्पिटलची खोली. ताई, याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात ते अर्ध्या वाक्यात आलं असलं तरी खरा प्रश्न मला तोच वाटतो. आपण दिवसभर कामात असतो तेव्हा दुःखाला आत यायला जागा नसते. जपाला बसलो की पहिल्यांदाच घर शांत होतं, आणि ते येतं. त्याला जप बिघडला असं समजू नका. रडू आलं तर माळ हातात तशीच धरून रडा. आवाज फुटत नसेल तर नुसतं ‘राम’ म्हणा, दोनच अक्षरं. हुंदका ओसरला की पुन्हा पूर्ण मंत्र. माझे यजमान गेले त्या वर्षी माझी एक माळ पूर्ण व्हायला कधी कधी पाऊण तास लागायचा. पण एक सीमा आखून घ्या. रोज बसल्यावर त्याच खोलीतली तीच दृश्यं येऊन छातीत धडधड होत असेल, रात्रीची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर जपाची वेळ पाच मिनिटांवर आणा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. गोळ्या चालू असतील तर त्या जपाच्या भरवशावर बंद करू नका. नाम आणि औषध यांचं काही भांडण नाही.

सुतकाची, मासिक पाळीची शंका तुम्ही विचारली नाही, पण घरातलं कुणी ना कुणी काढणार म्हणून सांगून ठेवते. ज्ञानदेवांच्या हरिपाठात स्पष्टच म्हटलंय, ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’. देवघरात जाण्याचे आपापल्या घरचे नियम असतील ते पाळा, नाव घ्यायला कुठलाच दिवस वर्ज्य नाही.

आता गुरूचा प्रश्न. बीजमंत्र आणि नाममंत्र यांत फरक करा. ह्रीं, क्लीं अशी एकाक्षरी बीजं असलेले मंत्र, न्यास आणि विनियोगासह करायची अनुष्ठानं, ही पुस्तकातून किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओतून उचलू नयेत. ती शिकवणारा समोर लागतो. देवाचं नाव घ्यायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. अनुग्रह मिळाला तर नामाला पाठबळ मिळतं, हे मी अनुभवानं म्हणते, पण तो मिळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. तुकोबांना ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नात मिळाला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय. त्याआधी ते काही विठ्ठलाला विसरून बसले नव्हते. जो कुणी दीक्षेसाठी पैसे मागेल किंवा हा मंत्र चुकला तर अनिष्ट होईल अशी भीती घालेल, त्याच्या वाटेला जाऊ नका.

मंत्र तुम्ही योग्य निवडला आहे. खरं तर तो तुम्हाला आईकडून आला आहे, आणि कानावर लहानपणापासून पडलेलं नाव नव्या माणसाला सर्वांत सोपं जातं. याच त्रयोदशाक्षरी मंत्राचा समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहून तेरा कोटी जप केला, असं संप्रदाय सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) तोच शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या ओठावर ठेवला. दुसऱ्या कुणाच्या घरी ‘नमः शिवाय’ असेल, दत्तभक्तांकडे टेंब्ये स्वामींनी दिलेला ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ असेल. सगळे सारख्याच मोलाचे आहेत. फक्त दर पंधरा दिवसांनी बदलू नका. इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर करून आलेले काही जण मला विचारतात की दोन्ही एकत्र करू का. तिथे शब्द मुद्दाम बाजूला ठेवून श्वास आणि संवेदना नुसत्या पाहायला शिकवतात, इथे शब्दालाच धरायचं असतं. दोन्ही मार्ग चांगले, पण एकाच बैठकीत दोन्ही करू गेलं तर कुठलंच पकड घेत नाही.

वेळ किती? एक माळ. १०८ मणी, एका श्वासात दोन मंत्र असं धरलं तर ५४ श्वास, म्हणजे नऊ-दहा मिनिटं. चाळीस दिवस एवढंच करा, उत्साह आला तरी वाढवू नका. पतंजलींनी अभ्यास घट्ट व्हायला तीन अटी घातल्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पाडता आणि आदरानं. मिनिटांचा आकडा त्यांनी कुठे दिलेला नाही. खाली चटई किंवा घोंगडी घ्या, गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ मात्र टेकू न देता सरळ. फोन दुसऱ्या खोलीत. जपासाठी मोबाइलवर मोजणी करणारी ॲपं आली आहेत, ती निदान पहिल्या वर्षी नकोत. ज्या वस्तूवर ऑफिसचा मेल येतो ती वस्तू जपाच्या वेळी हातात असू नये.

संख्येबद्दल माझी एक चूक सांगते, कारण तुम्हीही एक दिवस त्या वळणावर येणार आहात. दोन वर्षं जप बरा चालला होता, तेव्हा मी तेरा लाख जपाचा संकल्प केला. रोज अकरा माळा. माळेचे शंभरच धरतात, वरचे आठ चुकीभुलीपोटी. म्हणजे सव्वातीन वर्षांचं काम. वहीत रोज आकडा लिहायचा. बँकेतली नोकरी, घरातलं सगळं, त्यात अकरा माळा बसवायच्या म्हणून वेग वाढला. एक माळ चार मिनिटांत व्हायला लागली आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा. एक दिवस मी भाजी निवडता निवडता जप करत होते, सासूबाई शेजारीच पोळ्यांची कणीक तिंबत होत्या. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, ‘अगं, तुझा राम कुठे गेला? मला नुसतं जैजै ऐकू येतंय.’ मी थांबून स्वतःला ऐकलं. खरंच, तीनातले दोन राम गिळले जात होते. त्या रात्री वही मिटली. पुन्हा एका माळेवर आले, आणि ती एक माळ दहा मिनिटं घेऊ लागली. वर्षभरानं हळूहळू वाढवलं. आज मी पाच माळा करते. कुणाला मनापासून अनुष्ठान करायचं असेल तर संख्या जरूर धरावी, तिचा वेसणीसारखा उपयोग होतो. पण आकड्यासाठी अक्षर मोडायला लागलं की आकडा कमी करा.

दोन-तीन महिन्यांनी एक गोष्ट होईल. आवाज तुम्ही न उतरवता खाली उतरेल. मोठ्यानं म्हणणं जड वाटायला लागेल, ओठच हलत राहतील. तो उपांशु. तो यायचा तेव्हा येऊ द्या, मुद्दाम आणू नका, आणि ज्या दिवशी मन फार उडतंय त्या दिवशी पुन्हा खुशाल मोठ्यानं म्हणा. आपल्याकडे वाणीचे वैखरी म्हणजे तोंडानं उच्चारलेली, आणि मग आत आत जाणाऱ्या मध्यमा, पश्यंती, परा असे चार टप्पे सांगितले आहेत. त्यातल्या पहिल्यावर पाय नीट रोवलेला माणूस पुढच्यासाठी घाई करत नाही. कधीतरी भांडी विसळताना किंवा सिग्नलला गाडी उभी असताना आत मंत्र चालू आहे असं अचानक लक्षात येईल. त्याची फार चर्चा कुणापाशी करू नका. रंग दिसले, वास आले, अंग हलकं झालं, तरी तसंच. दिसलं तर दिसू दे, माळ पुढे ओढा.

आता आईची माळ. काही घरांत जपाची माळ ज्याची त्याचीच मानतात, विशेषतः अनुग्रहातून मिळालेली, आणि माणूस गेल्यावर ती नदीत सोडतात. तुमच्या घरचा तसा नेम असेल तर वडीलधाऱ्यांना विचारा. नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: वापरा. तिनं वर्षानुवर्षं जे नाव घेतलं तेच तुम्ही त्याच मण्यांवर घेणार आहात. फक्त आधी दोरा तपासा. तुळशीचे मणी जुने झाले की भोकापाशी झिजतात, कडा दोऱ्याला कापतात. मेरुमण्याजवळची, म्हणजे माळ जिथे जुळते त्या वेगळ्या मण्याजवळची, गाठ सैल झाली असेल, दोन मण्यांमधल्या गाठी गेल्या असतील, तर पूजासाहित्याच्या दुकानात किंवा माळा ओवणाऱ्या पटव्याकडे ती पुन्हा ओवून घ्या आणि परत घेताना मणी १०८ अधिक मेरू आहेत ना ते मोजून घ्या. जपाची माळ गळ्यात घालू नका, गळ्यातली वेगळी असते. वापरताना माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्यायची, अंगठ्यानं एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची. मेरू आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत निघायचं. जप झाला की कापडी पिशवीत किंवा गोमुखीत, म्हणजे जपमाळेसाठीच शिवलेल्या पिशवीत, ठेवायची.

ओवून मिळायला चार-आठ दिवस लागले तर तोवर खंड पाडू नका, बोटांवर मोजा. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवा, तो एक. तिचंच खालचं पेर दोन. मग करंगळीची तीन पेरं खालून वर, तीन, चार, पाच. अनामिकेचं वरचं सहा, मधल्या बोटाचं वरचं सात, तर्जनीची तीन पेरं वरून खाली, आठ, नऊ, दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं हा मेरू, तिथे अंगठा न्यायचा नाही. दहावर पोचलात की डाव्या हाताचं एक बोट मिटा आणि उजव्या हातानं पुन्हा अनामिकेपासून सुरू करा. दहा फेऱ्या झाल्या की शंभर, वर आठ. दोन दिवसांत अंगठ्याला वाट पाठ होते.